मुक्या जिवाचे दुखणे कोणी जाणावे?



आज मी आपल्याशी एका मांजरीच्या डोळ्याविषयी बोलणार आहे. विषय ऐकून काहींना हसू येईल, तर काहींना वाटेल की माणसांची दुःखे काय थोडी आहेत म्हणून ह्या गृहस्थाला मांजर आठवले. ही शंका रास्त आहे आणि तिचा विचार मी पुढे करणार आहे. परंतु ज्या प्रश्नाने मला गेली काही वर्षे स्वस्थ बसू दिले नाही, तो ह्याच लहानशा डोळ्यातून उभा राहिला. जो जीव आपल्या आश्रयाला आहे, पण ज्याला आपले दुखणे सांगता येत नाही आणि ज्याची संमती आपल्याला घेता येत नाही, त्याच्याविषयी आपले कर्तव्य कोठे सुरू होते व कोठे संपते, हा तो प्रश्न होय.

आमचे बिऱ्हाड जबलपूरजवळच्या खमरियात आहे. येथील दारूगोळ्याचा कारखाना दुसऱ्या महायुद्धाच्या काळात उभा राहिला. १९५६ पर्यंत जबलपूर आणि नागपूर एकाच प्रांतात होते व नागपूर त्याची राजधानी होती. त्यामुळे विदर्भातील कित्येक मराठी कुटुंबे नोकरीच्या निमित्ताने इकडे आली आणि इकडचीच झाली. अशाच एका कुटुंबातील वृद्ध मावशी आमच्या शेजारी राहतात. त्यांचे यजमान कारखान्यातून निवृत्त होऊन वारले. आता मुलगा तेथेच नोकरीस आहे. यजमान गेले त्या पावसाळ्यात मावशींच्या दारात एक भिजलेले पिल्लू आले. त्यांनी त्याला दूध पाजले, चुलीजवळ ठेवले आणि मनी हे नाव दिले. माझी गोष्ट सुरू होते तेव्हा मनी बारा वर्षांची झाली होती.

एके दिवशी सकाळी मावशी तिला पदरात घेऊन आमच्या ओट्यावर आल्या. म्हणाल्या, "भाऊ, हिच्या डाव्या डोळ्यात बघा बरं, काही पडलंय का?" मी चष्मा लावून पाहिले. पिवळसर हिरव्या बुबुळात खालच्या बाजूला चहाच्या रंगाचा एक डाग होता, बडीशेपेच्या दाण्याएवढा. डोळ्यातून पाणी येत नव्हते, लाली नव्हती. मी म्हणालो, "मावशी, वय झालं म्हणजे आपल्या हातावर नाही का डाग पडत? तसंच हे." मावशींचे समाधान झाले. मी पुन्हा माझ्या कागदांकडे वळलो.

वाचकहो, मी त्या वेळी अर्धे खरे बोललो होतो. अर्धे खरे हे कधी कधी संपूर्ण खोट्यापेक्षा अधिक घात करते, कारण त्यावर विश्वास बसतो.

हे दुखणे कोणते?

पुढे जे मला डॉक्टरांकडून व वाचनातून समजले ते प्रथम सांगतो. कारण वस्तुस्थिती नीट ठाऊक नसताना नैतिक प्रश्नाचा ऊहापोह करणे म्हणजे अंधारात तोल सांभाळण्यासारखे आहे.

बुबुळाच्या रंगीत भागाला शास्त्रात परितारिका म्हणतात. मांजराचे वय वाढते तसे ह्या परितारिकेत तपकिरी डाग पडू शकतात आणि त्यांतील बरेच डाग वर्षानुवर्षे निरुपद्रवी राहतात. परंतु काही मांजरांत रंगद्रव्याच्या ह्याच पेशी अनावर वाढू लागतात. डाग पसरतो, दुसऱ्या डागांना मिळतो, परितारिका जाड व मखमलीसारखी दिसू लागते आणि बाहुलीचा आकार वाकडा होतो. हा रंगपेशींचा कर्करोग होय. मांजराच्या डोळ्याच्या आत मूळ धरणाऱ्या गाठींमध्ये हाच प्रकार सर्वांत अधिक आढळतो. कुत्र्याच्या परितारिकेत अशी गाठ झाली तर ती बहुधा डोळ्यापुरतीच राहते. मांजरात मात्र ती यकृत, फुफ्फुस, प्लीहा अशा दूरच्या अवयवांत पोहोचू शकते, आणि कधी कधी डोळा काढल्यानंतर काही वर्षांनी तेथे प्रकट होते. शिवाय ह्या पेशी डोळ्यातील पाणी वाहून जाण्याची वाट बुजवतात. मग आतला दाब वाढतो व काचबिंदू होतो. काचबिंदूच्या वेदनेची कल्पना ज्याला तो झाला आहे अशा माणसालाच विचारावी.

दुसरा प्रकार लसिका पेशींच्या कर्करोगाचा. तो शरीरात अन्यत्र असतो व डोळ्यात उतरतो, पुष्कळदा दोन्ही डोळ्यांत. मांजरांच्या रक्तकर्करोगाच्या विषाणूशी त्याचा संबंध असू शकतो. तिसरा प्रकार विलक्षण आहे. मांजराच्या डोळ्याला भांडणात किंवा अपघातात जबर इजा होते, आतले भिंग फुटते, डोळा आंधळा होऊन आक्रसतो आणि घरचे लोक ती गोष्ट विसरून जातात. पुढे कित्येक वर्षांनी त्याच मेलेल्या डोळ्यात अतिशय आक्रमक अशी मांसार्बुदाची गाठ उठते, आणि ती नेत्रतंतूच्या मार्गाने मेंदूकडे सरकू शकते. म्हणून असा निकामी व आक्रसलेला डोळा दुखत नसला तरी काढून टाकावा, असा सल्ला डॉक्टर देतात.

चौथा प्रकार आपल्या प्रदेशात विशेष लक्षात ठेवण्याजोगा आहे. पांढऱ्या मांजरांच्या पापण्यांच्या कडांना, नाकाच्या शेंड्याला व कानांच्या टोकांना संरक्षक रंगद्रव्य नसते. प्रखर उन्हातील अतिनील किरणांनी तेथील त्वचा वर्षानुवर्षे होरपळते आणि शेवटी कर्करोग जडतो. जबलपुरात मे महिन्यात पारा ४० अंशांच्या वर जातो, आणि मांजराला ओट्यावर ऊन खात पडण्याची आवड असते. पापणीवर खरचटल्यासारखी जखम दिसते, खपली धरते, निघते, पुन्हा धरते. "बोका भांडला असेल" असे म्हणून आपण हळद लावतो. जी जखम दोन-तीन आठवड्यांत भरत नाही तिला भांडणाची जखम समजू नये, एवढे जरी ह्या लेखातून आपल्या ध्यानात राहिले तरी मी लिहिल्याचे सार्थक होईल.

पाहणे आणि जाणणे

माझ्या उत्तरानंतर आठ महिने गेले. डाग पसरत गेला असणार. तो कोणी पाहिला नाही. मनी खिडकीवर उडी मारीनाशी झाली, पलंगाखालच्या अंधारात बसू लागली. अंग चाटणे कमी झाले, खाणे कमी झाले. मावशींना वाटले, म्हातारपण. मलाही तेच वाटले. शेवटी डोळ्यावर निळसर धूसरपणा आला आणि बुबुळ मोठे दिसू लागले, तेव्हा मुलाने तिला टोपलीत घालून शहरातील पशुवैद्यांकडे नेले. मीही सोबत गेलो.

त्या डॉक्टरांनी जे केले ते मी लक्षपूर्वक पाहिले. प्रथम त्यांनी काहीही न करता मनीला टेबलावर तशीच बसू दिले व ती कशी बसते, कोणता डोळा किलकिला करते, हे पाहिले. मग खोली अंधारी करून प्रकाशाची बारीक फीत डोळ्यावर टाकून भिंगातून आतील थर एकेक करून न्याहाळले. डोळ्याचा दाब मोजला. मांजराच्या डोळ्यातील दाब पाऱ्याच्या २५ मिलिमीटरांच्या वर गेला की शंका घ्यावी लागते. मनीचा त्याहून पुष्कळच वर होता. त्यानंतर जबड्याखालच्या गाठी चाचपल्या, रक्त घेतले, छातीचा क्ष-किरण फोटो व पोटाची सोनोग्राफी करण्यास सांगितले, कारण रोग डोळ्यापुरताच आहे की पुढे गेला आहे हे ठाऊक झाल्यावाचून शस्त्रक्रियेचा निर्णय घेणे योग्य नव्हे. फोटोत व सोनोग्राफीत काही आढळले नाही.

मी विचारले, "डॉक्टर, हा डाग आठ महिन्यांपूर्वीच दिसला होता. तेव्हा आणली असती तर?" ते क्षणभर थांबले. म्हणाले, की डाग सपाट असताना तो निरुपद्रवी आहे की घातक, हे कोणालाही एका भेटीत खात्रीने सांगता येत नाही. परितारिकेचा तुकडा काढून तपासणे हेही सहसा करीत नाहीत, कारण त्यातून डोळ्याला इजा होऊ शकते आणि एका तुकड्यावरून सगळ्या डोळ्याचा निवाडा होत नाही. म्हणून अशा डोळ्याचा नीट फोटो काढून ठेवायचा, तीन-तीन महिन्यांनी पुन्हा काढून पहिल्याशी ताडून पाहायचा. डाग वाढला, उंचावला, बाहुली वाकडी झाली किंवा दाब चढला, की वेळ आली असे समजायचे. रोग परितारिकेतच असताना डोळा काढला तर पुष्कळ मांजरे आपले उरलेले आयुष्य पुरे जगतात. काचबिंदू झाल्यावर मात्र आशा कमी होते.

त्यांनी मला दोष दिला नाही. परंतु घरी येताना मला आमच्या अनुवादकांच्या गटातील एक दुपार आठवली. नीतिसूत्रांच्या बाराव्या अध्यायातील दहाव्या वचनावर आम्ही बसलो होतो. नीतिमान मनुष्य आणि त्याचे जनावर ह्यांच्या नात्याविषयीचे ते वचन आपणांस परिचित असेलच. अनुवाद करताना तेथे दयेचा किंवा काळजीचा शब्द योजण्याचा मोह होतो. मूळ इब्रीत मात्र 'यादा' हा धातू आहे, आणि त्याचा सरळ अर्थ जाणणे, ओळखणे असा आहे. जे जाणायचे त्याला 'नेफेश' म्हटले आहे. म्हणजे जीव, प्राण, त्याची भूक व त्याची गरज. उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात पाण्यातील व भूमीवरील प्राण्यांसाठी 'नेफेश हाय्या' हे शब्द येतात, आणि दुसऱ्या अध्यायात मातीपासून घडलेल्या मनुष्यासाठीही तेच शब्द येतात. मी त्या दुपारी 'जाणतो' ह्या शब्दाचा मोठा आग्रह धरला होता. दया ही दुरूनही करता येते, जाणण्यासाठी जवळ जावे लागते, असे मी सहकाऱ्यांना समजावून सांगितले होते. त्यानंतर काही आठवड्यांतच एक म्हातारी बाई आपल्या मांजरीचा डोळा दाखवायला आली, आणि मी तो डोळा पाहूनही जाणला नाही.

गमतीची गोष्ट अशी, की आपल्या सहासष्ट पुस्तकांत पाळीव मांजराचा उल्लेखच नाही. कॅथलिक परंपरेतील पवित्र शास्त्रात बारुखच्या पुस्तकाला जोडलेले जे यिर्मयाचे पत्र आहे त्यात तेवढी मांजरे येतात, तीही मूर्तींवर बसलेली. तेव्हा मांजराविषयी स्वतंत्र आज्ञा शोधणाऱ्यास ती मिळणार नाही. परंतु ज्याच्या दारात भिजलेले पिल्लू आले आणि ज्याने ते आत घेतले, त्याला ते जनावर 'त्याचे' झाले, एवढे तरी त्या वचनातील एका सर्वनामावरून स्पष्ट होते.

डोळा काढणे हे पाप तर नव्हे?

डॉक्टरांनी डोळा काढण्याचा सल्ला दिला. त्या रात्री मावशींनी मला बोलावले. म्हणाल्या, "भाऊ, तुम्ही शास्त्र शिकलेले. मला सांगा, देवानं दिलेला डोळा आपण काढायचा, आणि तिला विचारताही येत नाही. हे पाप तर नाही ना?"

मी धर्मशास्त्राची पदव्युत्तर पदवी घेतली आहे, पण असा प्रश्न मला कोणत्याही परीक्षेत आला नव्हता. मी त्यांना जे उत्तर दिले ते येथे थोडे विस्ताराने मांडतो.

मनुष्याला त्याचा एक डोळा जाणार असे कळले की तो दोन गोष्टींसाठी रडतो. एक दृष्टी, दुसरी आपली मुद्रा. लोक काय म्हणतील, आरशात आपण कसे दिसू, ह्याचे दुःख मोठे असते. मांजराला ह्यातील दुसरे दुःख नाही. तिची दृष्टी त्या डोळ्यापुरती आधीच गेलेली होती. उरली होती ती केवळ वेदना. एका डोळ्याचे मांजर मिशांच्या, कानांच्या व नाकाच्या आधाराने काही दिवसांत घरभर वावरू लागते. म्हणजे त्या डोळ्यासाठी जे हळहळत होते ते मनीचे मन नव्हते, आपले होते. एकाक्ष मांजरी पाहवणार नाही म्हणून आपण तो दुखरा डोळा तसाच ठेवला असता, तर आपल्या नजरेच्या सोयीसाठी तिला वेदनेत ठेवल्यासारखे झाले असते.

ह्यावरून एक कसोटी हाती लागते. जो जीव संमती देऊ शकत नाही त्याच्या बाबतीत प्रत्येक उपचारापूर्वी स्वतःला विचारावे, की हे मी कोणासाठी करीत आहे? आल्बर्ट श्वाइत्झर हे धर्मपंडित पुढे वैद्य होऊन आफ्रिकेत गेले. १९१५ साली त्यांना सर्व जीवनाविषयीच्या आदराचे जे तत्त्व सुचले त्यात हीच सावधगिरी आहे. जिवाला इजा करावी लागली तर ती खरोखर अनिवार्य आहे काय, हे प्रत्येक वेळी नव्याने तपासले पाहिजे. सवयीने किंवा बेपर्वाईने इजा करू नये. शस्त्रक्रिया ही इजाच आहे. ती जर मोठ्या वेदनेपासून सोडवणारी असेल तर ती करावी, केवळ आपल्या समाधानासाठी असेल तर करू नये.

हीच कसोटी उलट दिशेनेही चालते. समजा मनीच्या फुफ्फुसांत गाठी आढळल्या असत्या, तर तिला वारंवार सुया टोचून, पिंजऱ्यात ठेवून आणखी काही आठवडे मिळवणे हे तिच्यासाठी झाले असते की मावशींच्या एकटेपणासाठी? लसिका पेशींच्या कर्करोगात औषधोपचाराने काही मांजरांना सुखाचे काही महिने, कधी त्याहून अधिक काळ मिळतो, आणि जेथे ते सुख खरोखर मिळते तेथे उपचार करणे योग्यच आहे. मनुष्य उद्याच्या आशेने आजची यातना सोसतो, कारण त्याला उद्या ठाऊक असतो. मांजराला बहुधा आजच ठाऊक असतो. तिचा आजचा दिवस आपण कशासाठी खर्च करीत आहोत, ह्याचा हिशेब आपल्यालाच द्यावा लागेल.

खर्चाचा प्रश्न

आता आरंभीच्या शंकेकडे येतो. ती मला मावशींच्या सुनेने बोलून दाखवली, आणि ती काही निष्ठुर मुलगी नाही. ती म्हणाली, "इथे माणसांना औषधपाणी मिळत नाही, आणि आपण मांजरीवर एवढे पैसे घालायचे?" खर्च त्या घराच्या मानाने लहान नव्हता.

ह्या प्रश्नाला सोपे उत्तर देणारा मनुष्य मला प्रामाणिक वाटत नाही. घरात लेकराचे औषध अडले असेल तर मांजरीची शस्त्रक्रिया थांबली पाहिजे, हे मी निःसंकोच म्हणेन. मनुष्याचे मोल अधिक आहे. परंतु त्या घरात लेकराचे औषध अडलेले नव्हते. त्याच महिन्यात तेथे भिंतीएवढा नवा टीव्ही आला होता, आणि तेव्हा गरिबांची आठवण कोणाला झाली नव्हती, मलाही नाही. आपण गरिबांना बहुधा नकार देण्याच्या वेळीच पुढे करतो. मांजरीवर न खर्चलेला रुपया गरिबाच्या दारी गेला तर तो नकार न्याय्य ठरेल. तो आपल्याच खिशात राहिला तर गरिबाचे नाव घेण्याचा आपल्याला अधिकार नाही.

दुसरे असे, की कर्तव्य हे सर्व प्राण्यांविषयी सारखे नसते. खमरियाच्या गल्ल्यांतील प्रत्येक मांजराचा डोळा मावशींनी बरा करावा, असे कोणी म्हणणार नाही. पण मनीला त्यांनी आत घेतले होते. बारा वर्षे ती त्यांच्या हातचे खाऊन, रानात शिकार करून जगण्याची सवय मोडून राहिली होती. आपण ज्याचे स्वातंत्र्य घेतो त्याच्या दुखण्याची जबाबदारीही घेतो. आपल्या देशाचा कायदाही हेच सांगतो. रुक्मिणीदेवी अरुंडेल ह्यांनी १९५३ साली राज्यसभेत मांडलेल्या विधेयकापासून सुरू झालेल्या प्रयत्नांतून १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा झाला. ज्याच्या ताब्यात प्राणी आहे त्याने त्याच्या स्वास्थ्यासाठी व त्याला विनाकारण वेदना होऊ नयेत म्हणून वाजवी उपाय केले पाहिजेत, असे कर्तव्य त्यात सांगितले आहे. 'वाजवी' हा शब्द मला आवडतो. तो अशक्य ते मागत नाही, आणि हयगयीला सूटही देत नाही.

जबलपूरकरांनी तर सबब सांगू नये. येथे १९४८ पासून पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, आणि २००९ पासून नानाजी देशमुख ह्यांच्या नावाचे पशुवैद्यकीय विद्यापीठ आहे. मुंबईत असे महाविद्यालय १८८६ सालीच निघाले. एके काळी आपल्याकडील पशुवैद्यांसमोर कर्करोग म्हणून येई तो बहुधा बैलाच्या शिंगाचा, कारण बैलावर शेतकऱ्याचे पोट असे. मांजरावर कोणाचे पोट नाही. म्हणूनच तिच्यावर केलेल्या उपचारात देवघेवीचा भाग सर्वांत कमी असतो.

शेवटचा निर्णय

डोळा काढला. तो ऊतिपरीक्षेसाठी पाठवला गेला, आणि निदान पक्के झाले. रंगपेशींचा कर्करोग परितारिकेच्या पलीकडे, पाणी वाहून जाण्याच्या कोनापर्यंत गेला होता. पाचव्या दिवशी मनी खिडकीत बसलेली दिसली. मावशी म्हणाल्या, "भाऊ, ही इतके महिने दुखण्यात होती, हे मला आज कळलं." ती पुन्हा अंग चाटू लागली, पहाटे कारखान्याचा भोंगा झाला की मावशींना उठवू लागली. असे एकोणीस महिने गेले.

मग ती वाळू लागली. सोनोग्राफीत यकृतात गाठी दिसल्या. डॉक्टर म्हणाले, आता करण्यासारखे काही नाही. वेदना कमी करण्याची औषधे देऊ, आणि ती पुरेनाशी झाली तर तिला शांतपणे जाऊ देता येईल. मावशींनी पुन्हा माझ्याकडे पाहिले.

वाचकहो, जीवन देणारा व घेणारा परमेश्वर आहे, असे मानणाऱ्या माझ्यासारख्याला हा निर्णय जड जातो. १९२८ साली साबरमतीच्या आश्रमात एक वासरू असाध्य रोगाने तळमळत होते. उपाय उरला नाही असे ठरल्यावर गांधीजींनी डॉक्टरकरवी सुई देऊन त्याचा अंत करविला आणि त्याविषयी उघडपणे लिहिले. अहिंसेच्या पुजाऱ्याने हे केले म्हणून त्यांना संतापाची पुष्कळ पत्रे आली. त्यांच्या सर्वच विचारांशी मी सहमत नाही. मनुष्याच्या अखेरच्या यातनेत अर्थ असू शकतो. त्याला क्षमा मागता येते, क्षमा करता येते, निरोप घेता येतो, प्रार्थना करता येते. म्हणून मनुष्याच्या बाबतीत मी तो दरवाजा उघडणार नाही. परंतु मुक्या प्राण्याच्या यातनेत असा काही अर्थ तिला स्वतःला सापडू शकतो, असे मला प्रामाणिकपणे म्हणता येत नाही. उपाय संपला असताना केवळ आपले हात स्वच्छ राहावेत म्हणून तिला तळमळत ठेवणे, ह्याला मी अहिंसाही म्हणू शकत नाही आणि विश्वासही म्हणू शकत नाही.

मी मावशींना एवढेच म्हणालो, "ती खाते आहे आणि तुमच्या हाताखाली घुरघुरते आहे तोवर थांबू. दोन्ही बंद झाले की मला हाक मारा." तेरा दिवसांनी त्यांनी हाक मारली. डॉक्टर घरी आले. प्रथम गुंगीचे औषध दिले, ती झोपल्यावर दुसरी सुई. मावशींचा हात शेवटपर्यंत तिच्या डोक्यावर होता, जेथे डोळा नव्हता त्या बाजूला. सूनबाई दाराशी उभी राहून रडत होती.

मी आठ महिन्यांपूर्वी तो डाग जाणला असता तर मनी आणखी जगली असती काय? कदाचित होय, कदाचित नाही. परंतु त्या आठ महिन्यांतील वेदना तरी तिला सोसावी लागली नसती, हे निश्चित आहे, आणि त्याचे उत्तर मला द्यायचे आहे.

आपल्या घरी मांजर असेल तर आठवड्यातून एकदा तिला खिडकीपाशी, दिवसाच्या उजेडात घ्या. दोन्ही डोळे एकमेकांशी ताडून पाहा. रंग बदलला आहे काय, बाहुल्या सारख्या आहेत काय, पापणीच्या कडेला न भरणारी जखम आहे काय, हे पाहा. शंका आली तर फोटो काढून ठेवा आणि पशुवैद्यांकडे जा. ती अंधारात बसू लागली, अंग चाटीनाशी झाली, तर लगेच म्हातारपण म्हणू नका. पांढरी मांजर असेल तर भर दुपारच्या उन्हात तिला पडू देऊ नका. आणि घरातील माणसांची औषधे तिला कदापि देऊ नका. आपण तापावर घेतो त्या पॅरासिटामॉलची एक गोळीही मांजराचा प्राण घेऊ शकते, कारण ते औषध निरुपद्रवी करून बाहेर टाकण्याची शक्ती तिच्या यकृतात फारशी नसते.

मावशींच्या दारात मागच्या पावसाळ्यात पुन्हा एक पिल्लू आले आहे, पांढरे. परवा त्या त्याला घेऊन आमच्या ओट्यावर आल्या. काही झालेले नव्हते, सहजच आल्या होत्या. मी कागद बाजूला ठेवले, चष्मा लावला, आणि त्याला उजेडात नेले.